काचेच्या दारामागचा उजेड

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. पण तुमच्या घरातल्या फ्रिजसारखा तोंड मिटून उभा राहणारा नव्हे. माझ्या दाराला वरपासून खालपर्यंत काच आहे आणि पोटात एक लांब ट्यूब आहे. दार उघडा नाहीतर लावा, ती ट्यूब विझत नाही. मला घडवलं तेच मुळी दुकानासाठी, आणि दुकानातल्या फ्रिजने आपल्या पोटातलं काही झाकून ठेवायचं नसतं.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझी पाठ केली, दोन पत्र्यांच्या मध्ये फेस भरला, तांब्याच्या नळ्या वळवून पाठीशी बसवल्या. शेवटी एक तपासनीस बाई आल्या. त्यांनी माझ्या पोटात तापमापी टांगली, चहा पिऊन आल्या आणि परत बघितलं. काटा चार अंशांवर होता. "गुणी आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला.

आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तेव्हापासून चार अंश हा माझा नेम झाला. कुणी रोज जप करतं, कुणी रोज पहाटे उठून दिवा लावतं. मी चार अंश राखतो. नेम लहान असला तरी चालतो, मित्रांनो. तो मोडू नये एवढंच.

पहिली काही वर्षं मी दूध आणि सरबतं विकणाऱ्या एका दुकानात काढली. दुकान नवराबायकोचं होतं. मालक जरा धांदरट, मालकीणबाई शिस्तीच्या.

"अहो, पुढची बाटली द्या की. मागची कशाला ओढताय?"

"गिऱ्हाईकाला मागची जास्त गार वाटते."

"वाटू द्या. फ्रिज एक, गारवा एक. पुढे काय नि मागे काय."

मलाही तसंच वाटायचं. माझ्या पोटात सगळे सारखे, कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही, याचा मला अभिमान होता. संध्याकाळी रस्ता अंधारला की माझ्या ट्यूबचा उजेड पायरीपर्यंत जायचा. शाळेतून येणारी मुलं काचेला नाक लावून उभी राहायची. मालकीणबाई रोज सकाळी ते नाकांचे ठसे पुसायच्या आणि पुटपुटायच्या, "आले होते वाटतं सगळे मोजदाद करायला."

मग दोघं थकली. लेकीकडे राहायला गेली. दुकान बंद झालं आणि मी विकायला निघालो. मला वाटलं, दुसऱ्या एखाद्या दुकानात जाईन. पण मला न्यायला आल्या त्या एक बारीक चणीच्या, जाड चष्म्याच्या बाई. त्यांनी माझं दार उघडून हात आत घातला, डोळे मिटून क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "चालेल. नवा येईपर्यंत चालेल."

तो नवा यायला पुष्कळ वर्षं लागली.

मी ज्या खोलीत आलो ती प्रयोगशाळा होती. लांबलचक काळ्या दगडाचे ओटे, उंच स्टुलं, काचेची नळकांडी, आणि सगळीकडे स्पिरिटचा वास. माझ्या शेजारी एक उबेचं कपाट होतं. त्याचा नेम सदतीस अंशांचा. आत पेशी वाढायच्या म्हणून त्याला माणसाच्या अंगाइतकी ऊब लागे. ते ऊब देई, मी गारवा देई. आमचं कधी भांडण झालं नाही. संसार असाच दोघांनी मिळून चालतो.

माझ्या फळ्यांवर आता दूध नव्हतं. लालसर गुलाबी पाण्याच्या बाटल्या होत्या. ते पेशींचं अन्न, त्याला तिथे सगळे मीडियम म्हणत. काचेतून ट्यूबचा उजेड पडला की त्या बाटल्या सरबतासारख्याच दिसायच्या. मला आपलं जुन्या दुकानातच असल्यासारखं वाटायचं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या त्या जाड चष्म्याच्या बाईच. त्यांना सगळे नुसतं "बाई" म्हणत. दरवर्षी नवे विद्यार्थी येत आणि बाई माझं दार उघडून, एक बाटली हातात घेऊन पहिला धडा शिकवत. तो धडा मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मलाही पाठ आहे.

"पेशींना काय लागतं? आपल्याला लागतं तेच. साखर, मीठ, जीवनसत्त्वं, आणि अमिनो आम्लं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. विटा मोजक्या प्रकारच्या, पण त्यातून शरीर हजारो तऱ्हेची घरं बांधतं. आता गंमत ऐका. शरीर विटा नुसत्या रचत नाही. काही विटा फोडतं, आणि त्या तुकड्यांचे निरोप करून पाठवतं."

"निरोप, बाई?"

"हो. ट्रिप्टोफॅन नावाची एक वीट आहे. शरीरात कुठे फार दाह झाला, संरक्षण करणाऱ्या पेशी अंगावर आल्यासारख्या लढायला लागल्या, की शेजारच्या काही पेशी ही वीट फोडतात. तो तुकडा सांगतो, पुरे आता, शांत व्हा. आतड्यातले जंतू हीच वीट दुसऱ्या तऱ्हेने फोडतात. तो तुकडा सांगतो, भिंतीची डागडुजी करा. वीट तीच. फोडली कशी, त्यावर निरोप ठरतो."

"आणि हा निरोप ऐकतं कोण?"

"पेशीच्या आत एक ग्राही असतो. तुम्ही त्याला नाक म्हणा. बाहेर धूर आहे का, काजळी आहे का, कोबी खाल्ला का, जंतूंनी कुठली वीट फोडली, सगळ्याचा वास त्याला येतो. वास आला की हे नाक उठतं, पेशीच्या गाभ्यात जातं आणि तिथे सांगतं, आज हे काम काढा. म्हणजे बाहेरचं जग कसं आहे ते बघून आपलं संरक्षण वागतं. सगळीकडे एकच दांडका फिरवत नाही. केवढी ही योजना."

हे म्हणताना बाई क्षणभर थांबत. ज्याने योजना केली त्याला मनात नमस्कार करत असाव्यात. निदान मी तरी करायचो.

मग एके वर्षी चिमणी आली. तिचं खरं नाव काय ते मला ठाऊक नाही. उंची एवढीशी, की माझ्या वरच्या फळीला हात पोचेना. म्हणून तिला सगळ्यांनी चिमणी करून टाकलं. मधल्या फळीची पुढची जागा तिला मिळाली. तिच्या बाटल्या दाराला अगदी लागून, ट्यूबच्या समोर उभ्या असत.

चिमणी कामाची भारी नेटकी. रक्तदात्यांच्या रक्तातून ती संरक्षण करणाऱ्या पेशी वेगळ्या काढी, माझ्यातल्या मीडियममध्ये सोडी, आणि उबेच्या कपाटात ठेवी. आतड्याची भिंत दुखावलेली माणसं असतात ना, मित्रांनो, ज्यांना साधं जेवणसुद्धा पोटात आग लावतं, त्यांच्यासाठी तिची धडपड चालली होती. अशी भिंत दुरुस्त करायला एक प्रथिन मदत करतं. ते पेशींकडून भरपूर कसं करून घ्यायचं, हे तिला शोधायचं होतं.

आणि तिला ते सापडलं. दोन निरोप्या प्रथिनांचं एक मिश्रण तिने पेशींना दिलं, आणि पेशी कामाला लागल्या. तपासणीच्या ताटलीत छोटे छोटे खळगे असतात. डागडुजीचं प्रथिन जितकं जास्त, तितका खळगा पिवळा. चिमणीची ताटली पिवळीधमक झाली. पुन्हा केलं, पुन्हा पिवळी. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. चिमणीचा शोधनिबंध छापून आला आणि तिने तो कापून माझ्या दारावर बाहेरून चिकटवला. दारावर चांगली बातमी लावून उभं राहण्याचं सुख काय असतं ते त्या दिवशी मला कळलं.

फक्त एकाला ते पटत नव्हतं. त्याला सगळे शंकोबा म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण नळाला पाणी आलं तरी "हे पाणीच कशावरून?" असं विचारणारा. आपली बाटली कुणी वापरेल, तिच्यात कुणी बोट बुडवेल, अशी त्याला सतत धास्ती. म्हणून तो ती आधी तपकिरी कागदात गुंडाळायचा, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचा, आणि ते खोकं माझ्या सगळ्यात खालच्या फळीवर मागे सारायचा.

"अरे, मीडियम आहे का बायकोचे दागिने?" कुणीतरी म्हणायचं.

"हसा, हसा. तुमच्या बाटलीत बुरशी येते तेव्हा कोण रडतं ते बघतो मी."

शंकोबाने चिमणीचा प्रयोग स्वतः करून पाहिला. तेच मिश्रण, तशाच पेशी. त्याची ताटली पांढरीफटक. परत केला. परत पांढरी.

"काय गं," तो तिला म्हणाला, "हळद टाकतेस की काय?"

सगळे हसले. चिमणीही हसली, पण तिची मान खाली गेली. त्या हसण्यात एक काटा होता आणि तो तिला बरोबर लागला. सगळे धरून चालले की शंकोबाचा हात जड आहे. शंकोबाने मनात धरलं की हिचं काहीतरी खोटं आहे. आणि मी दोघांच्या मधे उभा, दोघांना सारखाच गारवा देत.

त्यानंतर नवा फ्रिज आला. काय त्याचं रूप. चकचकीत पोलादी दार, वर आकडे लुकलुकणारे, दार लावलं की आत मिट्ट काळोख, आणि दार उघडं राहिलं तर कोकलणारा. सगळे त्याच्याभोवती जमले. माझ्या दारावरचा चिमणीचा निबंध काढून त्याच्या दारावर लावला. दोन माणसांनी मला ढकलत ढकलत वऱ्हांड्याच्या टोकाला, डबे खायच्या खोलीत नेऊन ठेवलं. माझ्या कपाळावर कागद लागला, "इथे फक्त खाण्याचे पदार्थ."

वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? पण आता माझ्या पोटात डबे आले, दुधाची पिशवी आली, कुणाचं अर्धं कापलेलं लिंबू आलं. त्या लिंबालासुद्धा चार अंश हवेच होते. नेम जागा बघून करायचा नसतो. थोड्याच दिवसांत माझं मन तिथे रमलं. जेवायच्या खोलीत माणसं जितकी खरी बोलतात तितकी ओट्यापाशी बोलत नाहीत.

आणि तिथेच मी चिमणीला कोमेजताना पाहिलं.

नवा फ्रिज आला, जुन्या बाटल्या संपल्या, आणि चिमणीची ताटली फिकी पडू लागली. आधी पिवळी, मग फिकट, मग शंकोबाच्या ताटलीसारखीच पांढरी. तिने प्रथिनं नवी मागवली. मोजायची नळी तपासून घेतली. उबेचं कपाट धुऊन काढलं. काही उपयोग नाही. त्यातच दुसऱ्या गावच्या एका प्रयोगशाळेने कळवलं की तुमचा प्रयोग आमच्याकडे होत नाही.

एका दुपारी बाई आणि चिमणी माझ्यासमोरच्या टेबलाशी बसल्या होत्या. डबे उघडलेले, घास मात्र कुणी घेत नव्हतं.

"बाई, मी काही रंगवलेलं नाही."

"मला शंका नाही त्याची. पण बाळ, जे पुन्हा होत नाही ते आपलं असं म्हणता येत नाही. अजून एकदा कर. या वेळी शंकोबा शेजारी बसेल. नाही झालं तर निबंध मागे घेऊ. मी स्वतः कळवीन."

"मागे घेतला तर लोक काय समजतील ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "आधी दोन घास खा."

चिमणीने खाल्लं नाही. बाई गेल्यावर तिने आईला फोन लावला. तिची आई कपडे शिवायची. फोनमधून मागे मशीनची घरघर ऐकू येत होती.

"आई, लोक मला खोटारडी म्हणतील गं."

मशीन थांबलं. "तू खोटं केलंस का?"

"नाही."

"मग झालं तर. जेवलीस का?"

"आई, इतकं सोपं नसतं ते."

"सोपं आहे असं कुठे म्हणतेय मी? जेवलीस का विचारतेय."

चिमणीने नाक पुसलं आणि डब्याचं झाकण उघडलं. कधी कधी वाटतं, जगातल्या सगळ्या आया मिळून एकच नेम पाळतात.

आता ती गोष्ट ऐका, मित्रांनो, जी घडायला नको होती. मध्यंतरी नवा फ्रिज खच्चून भरला होता. एक अख्खी फळी शंकोबाच्या खोक्यांनी अडवलेली. चिमणीच्या हातात मीडियमची नवी बाटली, आणि ठेवायला तसूभर जागा नाही. ती वऱ्हांड्यातून इकडेतिकडे बघत आली आणि ती बाटली गुपचूप माझ्या मधल्या फळीवर, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवून गेली. नियमाने हे चूक. माझ्या कपाळावर तसं लिहिलेलंच होतं. पण घाईत माणूस कपाळ वाचत नाही. पुढे ती बाटली विसरली गेली. कितीतरी आठवडे ती माझ्या ट्यूबसमोर उभी होती.

शेवटच्या प्रयोगाची वेळ आली तेव्हा चिमणीजवळची बाटली संपली होती. शंकोबा म्हणाला, "माझी घे, खोक्यातली."

"नको. तुझी घेतली आणि नाही झालं, तर उद्या मीच म्हणेन की तुझ्या बाटलीत काहीतरी होतं. आठवलं, माझी एक आहे."

ती माझ्याकडे आली. शंकोबा मागोमाग.

"इथे? भाजीच्या डब्याशेजारी?"

"सीलबंद आहे."

"लिहून ठेव हे."

"लिहिते. तूही सही कर."

त्या प्रयोगाला काही दिवस लागतात. ताटली तयार झाल्याची बातमी मला माणसांच्या पावलांवरून कळली. वऱ्हांड्यातून कुणीतरी धावत गेलं. मग बराच वेळ काही नाही. मग बाई, चिमणी आणि शंकोबा तिघं माझ्या खोलीत आले. शंकोबाच्या हातात ताटली होती. पिवळीधमक.

"झालं म्हणायचं," बाई टेबलाशी टेकत म्हणाल्या. त्यांचा आवाज मोकळा झाला होता. "मागे घ्यायची गरज नाही."

चिमणीची नजर ताटलीवर होती. तिने मान हलवली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. नाव राहिलं असतं, निबंध राहिला असता. शंकोबासुद्धा नुसता ताटली उजेडाकडे धरून बघत होता.

"बाई," चिमणी म्हणाली, "ही बाटली वेगळ्या फ्रिजमधली होती. मिश्रण तेच होतं, गेल्या वेळच्यासारखंच. तेव्हा झालं नाही, आज झालं. म्हणजे हे माझ्या मिश्रणाने होत नाही. निदान एकट्या मिश्रणाने नाही. निबंधात मी लिहिलंय ते पुरतं खरं नाही."

खोलीत माझ्या कॉम्प्रेसरचा तेवढा आवाज होता. मला तो थांबवावासा वाटला.

शंकोबाने ताटली खाली ठेवली. "डब्यातलं काहीतरी गेलं असणार. मी म्हणालो होतो."

"सील तूच तोडलंस," चिमणी म्हणाली.

"हो, ते खरं."

बाईंनी एक स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. अगदी जवळ, दुकानातली मुलं काचेला नाक लावायची तशा. एकेक फळी बघू लागल्या. दूध, डबे, लिंबू. काय वेगळं आहे? माझ्याकडे वेगळं असं काय होतं? मी तर नुसता चार अंश राखत उभा होतो.

चिमणी बाईंच्या बाजूला वाकली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"बाई, तुमच्या चष्म्यात ट्यूब दिसतेय."

"असेल. आत दिवा आहे."

"पण दार लावलेलं आहे."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझं दार उघडलं आणि लावलं. ट्यूब तशीच.

"हा दुकानातून आणला होता मी," त्या हळूच म्हणाल्या. "याचा दिवा विझतच नाही."

"नव्या फ्रिजमध्ये काळोख असतो," चिमणी म्हणाली.

बाई उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं. "वीट फोडायला पेशी नाहीतर जंतू लागतात असं मी दरवर्षी शिकवते. बाटलीत दोन्ही नाहीत. पण उजेड आहे. ट्रिप्टोफॅनला उजेड लागला की तेही बदलतं. थोडंसंच. नाकाला थोडंसं पुरतं."

मला सगळं कळायला जरा वेळ लागला, मित्रांनो. तुम्हाला सोपं करून सांगतो. माझ्या ट्यूबचा उजेड आठवडेच्या आठवडे बाटलीवर पडत होता. त्या उजेडाने मीडियममधल्या ट्रिप्टोफॅनच्या काही कणांचं रूप पालटत होतं. ते पालटलेले कण पेशीच्या आतल्या नाकाला लागत, आणि नाक गाभ्यात जाऊन सांगे, डागडुजीला लागा. चिमणीचं मिश्रण पेशींना कामासाठी सज्ज करी. पण हुकूम जाई तो माझ्या उजेडातून.

फ्रिज एक, गारवा एक, हे खरं होतं. पण उजेड एक नव्हता. पुढच्या बाटलीला मिळे तो मागच्या खोक्यात पोचत नसे.

आता परीक्षा घ्यायची ती शंकोबाने आखली, आणि मान्य करायला हवं, अशा वेळी शंकेखोर माणसासारखा दुसरा माणूस नाही. कोऱ्या, सीलबंद बाटल्या आणल्या. एक तशीच, काही न गुंडाळता, माझ्या पोटात. तिच्याच शेजारी दुसरी, चंदेरी कागदात घट्ट गुंडाळलेली. तिसरी नव्या फ्रिजच्या काळोखात. माझ्या फळीवरचे डबे त्याने आधी हलवले आणि कपाळावरचा कागद काढून दुसरा लावला, "इथे प्रयोग चालू आहे. भूक लागली तर दुसरीकडे जा." पुढे बाटल्यांवर त्याने नुसत्या खुणा केल्या. कुठली खूण कुणाची ते त्याने चिमणीला सांगितलं नाही, बाईंनाही नाही.

"आणि मला सांगायचं नाही का?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्हाला हे खरं व्हायला हवंय."

बाई हसल्या. "शिकवलं ते वाया गेलं नाही म्हणायचं."

काही आठवड्यांनी ताटली आली. माझ्या पोटातल्या न गुंडाळलेल्या बाटलीचे खळगे पिवळे. चंदेरी कागदातल्या बाटलीचे पांढरे. काळोखातल्या बाटलीचे पांढरे. मग त्यांनी आणखी एक केलं. उजेडातल्या बाटलीच्या पेशींना एक असं औषध दिलं की ते नाकाला चिमटा लावतं. पिवळा रंग गेला. चिमटा काढला, रंग आला. शंका घ्यायला जागाच उरली नाही, आणि शंकोबा थोडा खट्टू झाल्यासारखा वाटला.

मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. चेहरा लांब झाला.

"म्हणजे माझी बाटली. कागद, वर खोकं, सगळ्यात मागे."

"हो रे," चिमणी म्हणाली. "तू तिला उजेडच दाखवला नाहीस."

"आणि मी तुला हळद टाकतेस म्हणालो."

"म्हणाला होतास."

"मग चहा मी करतो," शंकोबा म्हणाला. त्याने केला. चहा फिका झाला होता, पण कुणी काही बोललं नाही.

चिमणीने निबंध मागे घेतला नाही आणि तसाच ठेवलाही नाही. तिने दुसरा लिहिला. त्यात पहिल्याच ओळीत सांगितलं की आधी आम्हाला अर्धंच कळलं होतं, उरलेलं अर्धं हे आहे. दुसऱ्या गावच्या लोकांनी बाटली उजेडात ठेवून पाहिली. त्यांची ताटलीही पिवळी झाली. त्यांनी कळवलं तेव्हा चिमणी माझ्या खोलीत एकटीच होती. तिने आईला फोन लावला. मागे मशीनची घरघर.

"आई, माझं अर्धं चुकलं होतं."

"मग?"

"मग मी सगळ्यांना सांगितलं."

मशीन थांबलं. आई म्हणाली, "शाब्बास," आणि मशीन परत सुरू झालं.

आता मी पुन्हा प्रयोगशाळेत आहे. उबेचं कपाट परत माझं शेजारी आहे. मीडियमच्या रोजच्या बाटल्या आता काळोखातच ठेवतात, तेच योग्य. माझ्याकडे फक्त त्या बाटल्या येतात ज्यांना उजेड द्यायचा असतो. चिमणीच्या हाताखाली नवी मुलं आली आहेत. उजेडाने पालटलेला तो कण आतड्याच्या भिंतीला कितपत उपयोगी पडेल, हे ती शोधत आहेत. लगेच सापडेल असं नाही. पण मला घाई नाही. मला चार अंश राखायचे आहेत, तेवढं मला येतं.

मी म्हातारा झालो आहे. दाराचं रबर सैल पडलं आहे, पावसाळ्यात माझ्या काचेवर दव धरतं. तुमच्याकडे मागणं मोठं नाही. माझ्यासारखी जुनी यंत्रं तुमच्या शाळेत, घरात, दवाखान्यात असतील. त्यांचं दार हळू लावा. काच पुसा. रबर बदला. ती मुकी असतात, पण आपल्या नेमात राहून काहीतरी करत असतात, आणि काय करतात ते कधी कधी त्यांचं त्यांनाही माहीत नसतं.

आणि माणसांचंही तसंच, मित्रांनो. पेशीसुद्धा आजूबाजूचं जग बघून वागते, मग माणसाचं काय सांगावं. एखाद्याचं काम साधलं आणि दुसऱ्याचं फसलं, तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका, कुणाला अडाणीही म्हणू नका. आधी जाऊन बघा, त्याची बाटली कुठे ठेवली होती, आणि तिथपर्यंत उजेड पोचत होता का.